चिलखताच्या आतला अंगरखा

मला चिलखतांचं वेड आहे आणि ते कुणाच्याही उपयोगाचं नाही, असं माझी बायको लग्नापासून सांगत आली आहे. पुण्यात शाळेत असताना एका वस्तुसंग्रहालयात काचेपलीकडे लोखंडी कड्यांचं एक चिलखत पाहिलं होतं. बाकीची मुलं तलवारींपाशी गर्दी करून उभी होती. मी मात्र चिलखतापाशी थांबून, हे अंगात घालून माणूस जिना कसा चढत असेल, याचा विचार करत होतो. पुढे दुबईला आलो, इमारतींना काचा बसवणाऱ्या कंपनीत नोकरीला लागलो, केस पांढरे झाले, कंबर गेली, पण वेड गेलं नाही. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत माझ्या पुढेमागे उभं राहायला लोक कचरतात, कारण विषय कुठलाही असो, मी तो बरोबर तिकडे नेतो.

त्यामुळे डॉक्टरांनी माझ्या तेरा वर्षांच्या मुलीला अंगावर कवच घालायला सांगितलं, तेव्हा हसावं की रडावं मला कळेना.

झालं असं, की तिचा एक खांदा थोडा वर दिसतो म्हणून बायको तिला तपासायला घेऊन गेली. एक्स-रे काढला, तर पाठीच्या कण्याला बाक. डॉक्टरीणबाई शांत स्वभावाच्या होत्या. त्यांनी नीट समजावलं. मुलगी अजून वाढते आहे. वाढ थांबेपर्यंत बाक वाढू द्यायचा नाही, त्यासाठी प्लॅस्टिकचं ब्रेस दिवसरात्र घालायचं, फक्त आंघोळीला काढायचं. दिवाळीनंतर पुन्हा एक्स-रे. बाक आहे तिथे थांबला तर ठीक, वाढला तर ऑपरेशन करून कण्याला सळया आणि स्क्रू लावायचे. सळई हा शब्द मी साइटवर दिवसभर ऐकतो. त्या खोलीत तो माझ्या मुलीबद्दल ऐकला आणि पुढचं काही डोक्यात शिरेना.

ब्रेस आलं तेव्हा उन्हाळा सुरू झाला होता. काखेपासून कमरेपर्यंत पांढरं, जाड प्लॅस्टिक, पाठीवर तीन पट्टे. आत बनियनसारखा पातळ, अंगाला चिकटून बसणारा शर्ट. त्यावर शाळेचा युनिफॉर्म. आम्ही राहतो डिस्कव्हरी गार्डन्सला, शाळा ऊद मेथाला. बसमध्ये एसी, वर्गात एसी, हे सगळं खरं, पण बसच्या दारापासून शाळेच्या दारापर्यंत तर उन्हातूनच जायचं. ती घरी यायची तेव्हा शर्ट पिळावा इतका ओला असायचा. काखेत आणि बरगडीवर लाल वळ. पहिले काही दिवस ती रडली, मग रडायची थांबली आणि बोलायचीही थांबली. एके दिवशी ब्रेस काढून सोफ्यामागे टाकलं आणि म्हणाली, "खलास. आय ॲम नॉट वेअरिंग धिस." बायकोने समजावलं, मी समजावलं, शेवटी बायको चिडून रडली, तेव्हा तिने गुपचूप परत घातलं. चिलखताच्या तोट्यांवर मी जन्मभर वाचत आलो होतो. माझ्या डोळ्यांसमोर कुणी ते भोगेल, असं कधी मनात आलं नव्हतं.

माझा दिवस पहाटे सुरू होतो. कंपनीची बस अंधारातच येते. उन्हाळ्यात दुपारी साइट बंद ठेवतात, पण आमचं ऑफिसचं काम त्या वेळात दुप्पट होतं. डोक्यावर हेल्मेट, अंगावर जाकीट, पायात लोखंडी टोकाचे बूट घालून मी दिवसभर या मजल्यावरून त्या मजल्यावर फिरतो आणि संध्याकाळी घरी येतो तो निव्वळ सोफ्यावर पडायला. जेवण झालं की टीव्हीवरच्या बातम्या संपायच्या आत माझा डोळा लागतो. त्यामुळे मुलीच्या वाट्याला माझा म्हणून एवढाच वेळ येतो: तिची संध्याकाळची आंघोळ झाली की ती माझ्याकडे पाठ करून उभी राहते आणि मी ब्रेसचे पट्टे आवळतो. हे काम मी मुद्दाम मागून घेतलं होतं. चिलखत एकट्याला घालता येत नाही, पाठीचे बंद बांधायला दुसरा माणूस लागतोच, हे मला ठाऊक होतं.

पण मी पट्टे सैल बांधायचो. हात पुढे सरकतच नसे.

सुट्टीनंतर शाळा सुरू झाली आणि एका संध्याकाळी मुलगी वही घेऊन माझ्यासमोर येऊन बसली. इतिहासाच्या टीचरनी वर्गात वादविवाद ठेवला होता. विषय: प्राचीन युद्धात चिलखत घालण्याचे फायदे आणि तोटे. बाजू चिठ्ठ्या टाकून ठरल्या आणि तिच्या वाट्याला नेमके फायदे आले.

"बाबा, आय नीड फाइव्ह पॉइंट्स."

"पाच? अगं, पन्नास देतो."

"बी सीरियस. फाइव्ह."

माझा थकवा कुठल्या कुठे पळाला. मी उठून बसलो. म्हटलं, पहिला फायदा अगदी साधा, तलवारीचा वार कापत नाही. त्या काळी माणूस मोठ्या जखमेने मरायचा त्यापेक्षा जास्त छोट्या जखमेने मरायचा, कारण ती चिघळायची. चिलखताने छोट्या जखमा वाचतात. लांबून आलेला बाण कड्यांत अडकतो. आणि मनाचं म्हणशील, तर अंगावर लोखंड असलं की माणूस रांगेत उभा राहतो, पळत नाही. शेजारचा उभा आहे हे बघून त्याच्या शेजारचाही राहतो. ती भराभर लिहीत होती. बऱ्याच दिवसांनी ती माझ्याकडे सरळ बघत होती, आणि मला काय बरं वाटलं ते कसं सांगू.

"नाऊ टेल मी द अगेन्स्ट. आय नीड इट फॉर द रिबटल."

मग तोटे निघाले. वजन सगळं खांद्यावर येतं म्हणून कमरेला पट्टा बांधून थोडं खाली उतरवायचं. आपल्या इथल्यासारख्या वाळवंटात लोखंड तापतं, म्हणून वरून सैल कापड घालायचं. तहान लागते, दम लागतो, आणि शत्रूने नुसतं टाळत राहून ऊन चढू दिलं तरी चिलखतवाला अर्धा हरतो. शिरस्त्राणातून समोरची एक पट्टी दिसते, हाका ऐकू येत नाहीत. नदीत पडला तर संपलाच. खाजवता येत नाही. आणि हुशार शत्रू चिलखतावर वार करतच नाही, फट शोधतो. गळा, मांडी, काख.

"अंडरआर्म," ती म्हणाली, आणि तिचा हात आपोआप स्वतःच्या ब्रेसच्या काठाशी गेला. "येस. दॅट्स द वर्स्ट."

मी तोंड बंद ठेवायला हवं होतं, पण आम्हा वेड्यांना ते कधी जमलं आहे? मी पुढे चालूच. म्हटलं, खरी गंमत पुढे आहे. नुसतं लोखंड अंगावर घालून काही उपयोग नाही. वार कापत नाही, पण त्याचा दणका आत पोचतो, हाड मोडतं. म्हणून आत कापूस भरलेला जाड अंगरखा घालायचे, आपल्या गोधडीसारखा उभ्या टाक्यांनी शिवलेला. लोखंड वार अडवतं आणि अंगरखा दणका खातो. चिलखताचं अर्धं काम त्या अंगरख्याचं, पण संग्रहालयात लोखंड टिकतं आणि कापूस कुजून जातो, म्हणून त्या बिचाऱ्याचं नाव कुणी घेत नाही.

तिने पेन खाली ठेवलं. "सो व्हेअर इज माइन?"

ती गमतीत म्हणाली होती. मला ते गमतीत घेता आलं नाही. इतके महिने पोरीच्या बरगड्यांवर नुसतं प्लॅस्टिक, आत एक पातळ चिरगुट, आणि ज्याला सगळ्या जगाच्या अंगरख्यांची माहिती आहे असा तिचा बाप पट्टे सैल बांधत बसला होता. स्वतःचा असा राग आला की रात्रीचं जेवण गोड लागलं नाही.

आपल्याकडे तान्ह्या बाळाला जुन्या सुती साडीची दुपटी करतात, कारण वापरून वापरून मऊ झालेलं कापड कातडीला टोचत नाही. मी बायकोकडे तिच्या जुन्या साड्या मागितल्या. तिने दोन काढून दिल्या, पण देताना म्हणाली, "अरे, डॉक्टरांना विचारलंस का?"

"त्यात विचारायचं काय? हजारो वर्षं लोक घालत आलेत."

"ते लढायला घालत होते."

"मग ही काय करतेय?"

सुट्टीच्या दिवशी मी करामाला एका ओळखीच्या टेलरकडे गेलो. त्याला चित्र काढून दाखवलं, कापसाचा थर किती, टाके कसे उभे, काखेत जाडी किती जास्त. तो म्हणाला, "भाईसाब, इस गरमी में रजाई पहनाओगे बच्ची को?" मी त्याला शिरस्त्राणापासून सुरुवात करून सगळं सांगितलं. त्याच्या दुकानात बसायला जागा नव्हती, मी उभ्याउभ्याच सांगितलं. त्याने हात जोडले आणि आठवड्याने जाकीट शिवून दिलं. फार सुंदर झालं होतं. बाहेरून फिकट निळं, आत पांढरं, काठाला बायकोच्या साडीची बारीक किनार.

त्या संध्याकाळी आंघोळ झाल्यावर मुलीने ते घातलं. वरून ब्रेस काही मिटेना. मी पट्टे अगदी टोकाला नेऊन अडकवले.

"लागतं का आता?"

"नो."

"काखेत?"

"नो, बाबा. इट्स सॉफ्ट."

"गरम होतंय?"

"इट्स ओके. थँक यू."

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी आनंदाने ते काम करायचो. पट्टे आवळताना तिला एकेक गोष्ट सांगायचो: वाळूत घोळवून कड्यांचा गंज कसा काढायचे, घोड्यालासुद्धा चिलखत कसं घालायचे आणि मग त्या घोड्याचे कसे हाल व्हायचे. ती हसायची. मग आम्ही जेवायचो आणि मी सोफ्यावर झोपून जायचो. दिवसभरात कितीही कटकट झालेली असो, मॅनेजर कितीही बोललेला असो, तेवढ्या वेळात मला वाटायचं की मी या घरात काहीतरी उपयोगाचं करतो आहे. लोक परदेशात राहून मुलांसाठी काय काय करतात. मी माझ्या मुलीला अंगरखा दिला होता.

वादविवादाच्या दिवशी मला रजा मिळाली नाही. संध्याकाळी विचारलं, काय झालं?

"लॉस्ट."

"का? एवढे मुद्दे दिले होते!"

"बिकॉज आय अग्रीड विथ देम," ती म्हणाली आणि पाणी प्यायला निघून गेली.

दिवाळी आली, गेली. मंडळाच्या फराळाला आम्ही गेलो, मुलगी सैल कुर्ता घालून आली, कुणाच्या काही लक्षात आलं नाही. बायको चकल्या करतानाही मधेच थांबून भिंतीकडे बघत बसायची. तिच्या मनात काय चाललं आहे हे मला विचारायची गरज नव्हती. एक्स-रे जवळ आला होता. मीही साइटवर सळयांचे भारे दिसले की मान वळवायचो.

त्या सकाळी आम्ही तिघं गेलो. एक्स-रे झाला. डॉक्टरीणबाईंनी बोलवायच्या आधी ब्रेस करून देणाऱ्या तंत्रज्ञाने मुलीला तपासलं. पाठीवरचे लाल वळ बोटांनी चाचपले आणि खूश होऊन म्हणाला, "व्हेरी गुड प्रेशर मार्क्स. एक्झॅक्टली व्हेअर वी वाँट." मला हुरूप आला. मी पिशवीतून निळं जाकीट काढलं आणि त्याच्या हातात ठेवलं. म्हटलं, धिस इज द सीक्रेट, तुमच्या दुसऱ्या पेशंट्सनाही सांगा.

त्याने ते उलटसुलट करून पाहिलं. त्याचा चेहरा बदलला. पण माणूस सभ्य होता, आवाज चढवला नाही. "सर, धिस इज नॉट आर्मर. चिलखत जोर आत येऊ देत नाही. हे ब्रेस जोर आत पोचवायलाच आहे. इट मस्ट पुश द स्पाइन. मधे एवढा कापूस आला तर ब्रेस तिला लागतच नाही. देन इट इज जस्ट अ डेकोरेशन."

मी बाहेर कॉरिडॉरमध्ये येऊन खुर्चीवर बसलो. एवढे दिवस, एवढ्या संध्याकाळी, मी स्वतःच्या हातांनी पोरीचं औषध बंद केलं होतं, आणि वर गोष्टी सांगत होतो. लोखंड जोर बाहेर ठेवतं, हे ब्रेस जोर आत ढकलतं. शाळेतल्या मुलालाही कळेल एवढी गोष्ट. आता आत बोलावतील, सळया म्हणतील, आणि ते माझ्यामुळे असेल. मला वाटलं मी तिथेच रडेन.

मुलगी माझ्या शेजारी येऊन बसली. माझ्याकडे बघून मग तिने आईकडे बघितलं. बायको म्हणाली, "सांग आता. मी तुला तेव्हाच म्हटलं होतं."

"बाबा, आय डोन्ट वेअर इट."

"काय घालत नाहीस?"

"द जॅकेट. ओन्ली टिल यू स्लीप. देन आई टेक्स इट ऑफ अँड डझ द स्ट्रॅप्स अगेन."

मी बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "तू जाकीट आणलंस त्याच आठवड्यात मी दवाखान्यात फोन करून विचारलं. ते नको म्हणाले. मी तुला सांगणारच होते. हिने सांगू दिलं नाही."

"का पण?" माझा आवाज चढला. पलीकडे बसलेल्या बाई वळून बघू लागल्या.

मुलगी खाली बघत बोलली. "यू कम होम सो टायर्ड. यू डोन्ट टॉक टू एनीवन. देन यू डू माय स्ट्रॅप्स अँड यू टॉक अबाउट युअर सोल्जर्स अँड यू आर हॅपी. सो आय थॉट, ओके. वन अवर. आय कॅन वेअर इट फॉर वन अवर."

मला राग आला. या दोघींनी मिळून मला लहान मुलासारखं खेळवलं याचा राग. मग लाज वाटली, आणि मग इतकं सुटल्यासारखं वाटलं की राग आणि लाज दोन्ही बाजूला राहिले. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिने ठेवू दिला.

आतून हाक आली. डॉक्टरीणबाईंनी दोन एक्स-रे शेजारीशेजारी लावले होते. बाक वाढला नव्हता. थोडासा कमीच झाला होता. "शी इज डूइंग द हार्ड वर्क," त्या म्हणाल्या. वाढ थांबेपर्यंत असंच चालू ठेवायचं, पुढचा एक्स-रे उन्हाळ्याआधी, इन्शाल्ला तोही असाच येईल. तंत्रज्ञाने निघताना पट्ट्यांवर काळ्या पेनाने नव्या खुणा केल्या. इथपर्यंत ओढायचं, याच्या अलीकडे थांबलं तर उपयोग नाही. घरी येताना गाडीत बायको जवळजवळ सगळा रस्ताभर झोपली. किती महिन्यांनी ती अशी झोपली होती कोण जाणे.

संध्याकाळी मुलगी आंघोळ करून आली. मला वाटलं, आता ती आईकडे जाईल. ती पातळ शर्ट घालून माझ्यासमोर पाठ करून उभी राहिली.

मी ब्रेस लावलं आणि खालचा पट्टा घेतला. आज सांगायला कुठलीच गोष्ट सुचेना. मी पट्टा ओढला. खूण अजून बरीच लांब होती.

"पुल मोअर."

मी थोडा आणखी ओढला. प्लॅस्टिक तिच्या बरगडीवर दाबलं गेलेलं मला बोटांना कळत होतं. मी थांबलो.

"बाबा, आई जास्त ओढते."

"लागेल तुला."

"लागायलाच पाहिजे ना."

ती माझ्याशी मराठीत कधी बोलत नाही. मी एक हात तिच्या खांद्यावर ठेवला, दुसऱ्या हाताने पट्टा खुणेपर्यंत ओढून अडकवला. तिने श्वास आत घेतला, तो काही क्षण तसाच धरला आणि हळूहळू सोडला.

"ओके?"

"ओके. नेक्स्ट."

मी मधला पट्टा हातात घेतला.